टोपीवरची खळगी

सकाळपासून रस्त्यावरचा बर्फ उपसून पाठ मोडली होती, तरी दुपारी तीनला गॅरेजात येऊन यंत्रापुढे बसलो. शनिवारी क्लबात नेमबाजीची स्पर्धा, आणि अर्लीनला दोनशे काडतुसं भरून हवी होती. अर्लीन माझ्या थोरल्या भावाची, रॉयसची बायको. यंत्रही त्याचंच. ऑक्टोबरात पिस्तूल हातात फुटून तो गेला.

दांडा खाली ओढला की एका पुंगळीची जुनी टोपी निघते, दुसरीत दारू पडते, तिसरीवर गोळी बसते. पुढे ढकलला की रिकाम्या पुंगळीच्या बुडात ठिणगी पाडणारी नवी टोपी बसते. नीट बसली की नाही ते डोळ्यांना दिसत नाही, तळहाताला कळतं. रॉयस म्हणायचा, “टोपी बसवताना तोंड बंद, वेंडल. हाताला ऐकू दे.”

ऑक्टोबरात मी दांडा ओढत फोनवर गप्पा हाणत होतो. एका पुंगळीत दारू पडलीच नाही. नुसत्या टोपीच्या धक्क्यानं तिची गोळी पिस्तुलाच्या नळीत अडकली आणि मागची तिच्यावर आदळली. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. चार महिने धड झोप नाही. थकलोय नुसता.

काडतुसं बुडं वर करून पेटीत लावताना एक टोपी दबलेली दिसली. नवीकोरी टोपी, आणि झाडलेल्या काडतुसाला पडते तशी खळगी. मधोमध नाही, काठाकडे सरकलेली. असा ठसा रॉयसच्या पिस्तुलाचा. त्याचे तुकडे शेरीफच्या कपाटात आहेत.

ठोकून गोळी काढली. आत दारू नव्हती.

दारूचं भांडं भरलेलं. वजनकाटा बरोबर. पुन्हा दांडा धरला, तोंड घट्ट मिटून. शेवटी आणखी दोन टोप्यांवर तीच खळगी. त्या उघडायची छाती होईना. खूण तर आहेच, म्हणून होत्या तिथेच राहू दिल्या.

अर्लीन कॉफी घेऊन आली. “झाली का? मेली काय थंडी आहे इथे!” तिनं पेटीत डोकावलं. “हे काय रे?”

“टोप्याच भंगार निघाल्या.”

“त्या दिवशीची कुणी भरली होती?”

चार महिन्यांत तिनं पहिल्यांदाच विचारलं.

“त्यानंच.”

मी पेटीत पाहिलं. खळग्या गेल्या होत्या. सगळ्या टोप्या सारख्या, गुळगुळीत.

अर्लीननं झाकण लावलं. “चल, येते.”

“ठेव ती पेटी.”

“का?”

मी झाकणावर हात दाबून धरला.

“वेंडल, का?”

“त्या दिवशीची मी भरली होती. बोलत बसलो होतो. एकीत दारू पडली नाही.”

पेटी यंत्राजवळ ठेवून तिनं झाकण उघडलं.

दोन्ही खळग्या परत आल्या होत्या.

आमच्या श्वासांची वाफ दिसत होती. अर्लीननं एका टोपीवर बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं.

“गरम आहे,” ती म्हणाली.