मोरीच्या पाण्यावरचं अळू

टप्. नळातून शेवटचा थेंब पडला. मंगळावरच्या आमच्या घरात त्या दुपारी इतकी शांतता होती, की तेवढ्यानेही मी दचकले. बाळ नुकतंच झोपलं होतं. माझ्या थोरल्या लेकीला, जुईला, सांगायची गोष्ट आजही अर्ध्यावरच राहिली होती.

"पाणी संपलं," टिप्या म्हणाला. टिप्या म्हणजे आमचा यंत्रमानव. "आणि हायड्रोजनची गाडी परवा येणार."

जुईने आपल्या अळूकडे पाहिलं. त्याचं पहिलं पान कालच उलगडलं होतं. आज पाणी मिळालं नाही, तर ते मान टाकणार.

आमचं पाणी घरातच तयार होतं. कार्बन डायऑक्साइडच्या एका मापाला (माप म्हणजे रेणूंची, त्या अतिसूक्ष्म कणांची, ठरलेली संख्या) हायड्रोजनची चार मापं लागतात. त्यातून पाण्याची दोन मापं मिळतात, शिवाय थोडा मिथेन वायू.

आज टाकीत कार्बन डायऑक्साइड तीन मापं होता, हायड्रोजन आठ.

"तीनवाला कमी, तोच आधी संपणार!" जुई म्हणाली. "तीन दुणे सहा. बाळाच्या आंघोळीला चार, माझ्या अळूला दोन. झालं!"

"वा, हिशोबनीस बाई!" टिप्याने डोळे लुकलुकवले.

मी तिच्यापुढे तीन शेंगदाणे आणि आठ वाटाणे ठेवले. "एका दाण्याला चार वाटाणे. लाव बघू."

एक ढीग झाला. दुसरा झाला. तिसरा शेंगदाणा एकटाच बसून राहिला.

"अय्या! वाटाणे संपले? तेच तर जास्त होते!"

"नुसतं किती आहे ते बघून नाही चालत गं. लागतं किती, तेही बघायचं. आठ भागिले चार, दोन. म्हणजे क्रिया दोनदाच होणार, पाणी चार मापं. इथे हायड्रोजन हा मर्यादाकारी अभिकारक (आधी संपून क्रिया थांबवणारा पदार्थ)."

जुईने ढीग पुन्हा मोजले. "चार तर बाळालाच लागतील."

ती बराच वेळ त्या एकट्या शेंगदाण्याकडे बघत बसली. मग एकदम उठली.

"आई, पृथ्वीवर आजीकडे अळू कुठे असतं?"

"मोरीच्या मागे."

"मग! आंघोळीचं पाणी तिकडे सोडू. बाळाला आज साबण नको, डाळीचं पीठ लाव."

एवढी शिकलेली मी, पण मला हे सुचलं नव्हतं.

बाळाने उठल्यावर मनसोक्त पाणी उडवलं. टिप्याने मोरीची नळी अळूकडे वळवली. माती काळी, ओली झाली.

"चार पानं आली की वड्या," टिप्या म्हणाला. "मंगळावरच्या पहिल्या!"

जुई हसली आणि माझ्या दंडाला टेकली.

"आई, बाळ आल्यापासून माझी गोष्ट रोज अर्ध्यावरच थांबते. तिच्यात आधी काय संपतं गं?"