दोन्ही केबल काढल्यावर

हे खरं घडलंय. मी स्वतः तिथे होते. ज्याला पटणार नाही त्याने इथेच सोडून द्यावं, माझी काही हरकत नाही.

गेल्या फेब्रुवारीतला रविवार.

रात्र नव्हती... भर दुपार होती. पण आमच्या रूसे शहरातल्या त्या विमा कंपनीच्या तळघराला खिडकीच नाही. तिथे दुपार काय आणि रात्र काय.

मी आणि माझे दाजी, क्रासेन, झिवकाताईचा नवरा, आम्ही दोघं सर्व्हर जोडायची कामं करतो. त्या दिवशी सगळे सर्व्हर नव्या स्टोरेजला जोडायचे होते. कंपनीची सगळी माहिती त्यातच राहणार. म्हणून प्रत्येक सर्व्हरला दोन केबल, दोन वेगळ्या वाटांनी. एक गेली तरी दुसरीवर काम चालू राहतं.

याच तळघरात आधीच्या हिवाळ्याच्या तोंडाशी आमचा जोडीदार ल्युबेन गेला होता.

सर्व्हर ठेवलेल्या रॅकच्या मागच्या बोळात. हार्ट अटॅक.

"झटक्यात गेला. त्याला कळलंसुद्धा नाही," दाजी सगळ्यांना सांगायचे. सोबत फक्त तेच होते ना.

केबल लावून झाल्या. आता तपासणी. एकेक केबल काढून, काम चालू राहतं का ते बघायचं. मी मागच्या बोळात शिरले. दाजी पुढे स्क्रीनवर.

"नेव्याना, अडकलीस तिथे तर तुझ्या ताईला काय सांगू?"

"सांगा, दाजींच्या बडबडीतून सुटली एकदाची."

ते हसले.

"पहिली काढली," मी म्हणाले.

"चालू आहे. पुढचा घे."

असे चार-पाच सर्व्हर झाले असतील.

आणि एकदम... सर्व्हरमधल्या पंख्यांचा आवाज थांबला.

सगळ्या पंख्यांचा. दिवे मात्र लुकलुकत होते.

त्या शांततेत माझ्या गुडघ्याजवळून कोणीतरी बोललं...

"क्रासेन, छातीत दुखतंय रे."

खाली कोणी नव्हतं. नुसती फरशी.

"क्रासेन... मला बाहेर ने."

आवाज ल्युबेनचा होता.

रॅकच्या फटीतून मी दाजींकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक. ओठ घट्ट मिटलेले.

तरीही त्यांच्याच आवाजात उत्तर आलं. हसत हसत.

"नाटकं पुरे, म्हाताऱ्या. आधी दुसरी केबल लाव. मग मर."

फरशीवर काहीतरी घासत गेलं. पत्र्यावर हात आपटल्याचा आवाज आला. बराच वेळ...

मग टक्. केबल बसल्याचा आवाज.

"बघ, जमलं की. पड तिथेच, मी सिगारेट ओढून येतो."

पावलं. दार. आणि मग खालचा श्वास... हळू... आणखी हळू.

"मला वाटलं चेष्टा करतोय," दाजी पुटपुटले. हे मात्र त्यांच्या तोंडून आलं.

खालचा श्वास थांबला. क्षणभर काहीच नाही. मग पुन्हा पहिल्यापासून...

"क्रासेन, छातीत दुखतंय रे."

दाजी धावत मागे आले. मला बाजूला ढकललं आणि केबल उपटायला लागले. पहिल्या. दुसऱ्या. सगळ्या. पायाशी नुसता ढीग पडला. आता एकही सर्व्हर स्टोरेजला जोडलेला नव्हता.

एकही दिवा विझला नाही.

आवाजही थांबला नाही.

आम्ही पळालो. वर पहारेकरी वेल्को चहा पीत बसला होता. त्याच्यासमोरच्या स्क्रीनवर सगळं हिरवं.

"खाली काही बंद पडलं का?" मी विचारलं.

"कुठे काय? मस्त चाललंय," तो म्हणाला.

दाजी गाडीत बसून थेट घरी गेले.

संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"नेव्याना... छातीत दुखतंय. तुझी बहीण उठतच नाहीये. समोर बसून हसतेय नुसती."

मागून मला ताईचं हसू ऐकू आलं. तिचंच. शेवटी उचकी लागल्यासारखं होतं ना, अगदी तसं.

"ताईला फोन द्या," मी ओरडले.

हसणं फोनच्या जवळ आलं... आणखी जवळ... आणि फोन कटला.

मी ॲम्ब्युलन्स बोलावली. ती पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. दाजी स्वयंपाकघरात पडले होते. घरात दुसरं कोणीच नव्हतं.

ताई सकाळपासून गावी, आईकडे होती. आईने सांगितलं, तिच्या शेजारणीनेही सांगितलं. ती रात्रीच्या गाडीने आली.

सोमवारी आमच्या मालकाने तळघर उघडलं. प्रत्येक सर्व्हरला दोन्ही केबल लावलेल्या होत्या. "शेवटचं काम झकास करून गेला बिचारा," तो म्हणाला.

मी अजून हेच काम करते. त्या तळघरात मात्र पाऊल टाकत नाही.

ताई अधूनमधून विचारते, "तुला फोन केला होता ना त्यांनी? माझ्याबद्दल काही बोलले का गं?"

मी सांगते, "नाही ताई. तुझं नावही काढलं नाही."

मग ती रडते.

आणि परवा, किती दिवसांनी, ती पहिल्यांदा हसली. माझ्याच घरात, माझ्यासमोर बसून.

मी उठून बाहेर निघून गेले.