मापाचा माणूस

मी पालिकेच्या दप्तरखान्यात काचा पुसते. कोणी विचारलं तर असंच सांगते, कारण जुन्या छायाचित्रांची सूची करते म्हटलं की पुढे आणखी दोन प्रश्न येतात आणि मला प्रश्नांचा कंटाळा आहे. पण तुम्ही भावाबद्दल विचारलंत, म्हणून पहिल्यापासून सांगते.

परक्यांचं राज्य होतं आणि हे शहर वाढत होतं, तेव्हा बांधकाम खात्याने प्रत्येक नव्या इमारतीचा फोटो काढून ठेवला. धक्का, गोदामं, पाण्याची टाकी, इस्पितळ, पूल, शेवटी कचेरीचा मनोरा. फोटो काचेवर उतरायचा. अशा एकतीस काचा माझ्या ताब्यात आहेत. प्रत्येक काचेला कागदी पाकीट, पाकिटावर आकडा, आणि त्या आकड्याची रजिस्टरात एक ओळ.

या फोटोंमध्ये रस्ते ओस दिसतात. लोकांना वाटतं, तेव्हा वस्ती कमी होती. तसं नाही. चाळीस आकडे मोजून होईपर्यंत काच उघडी ठेवावी लागे आणि तेवढ्यात जो हलला तो पुसला गेला. गाड्या, हमाल, भांडणारी माणसं, सगळी तिथे होती. कुठे धुरकट पट्टा राहिलाय, कुठे तेवढाही नाही. टिकला तो एकच. प्रत्येक इमारतीच्या पायाशी पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस ताठ उभा आहे. इमारत किती उंच हे कळावं म्हणून त्याला उभा करत. त्याचं नाव कुठेच नाही. ‘मापास माणूस एक, पाच फूट सहा इंच’, एवढीच नोंद. तेवीस वर्षं, एकतीस काचा, तोच माणूस. चेहरा नखाएवढाही नाही, त्यामुळे तो म्हातारा होत गेला की नाही ते सांगता येत नाही.

एकतिसाव्या काचेत मात्र त्याच्या तोंडाच्या जागी पुसट डाग होता. बाकीचा माणूस स्पष्ट. म्हणजे चाळीस आकडे होईपर्यंत तो बोलत होता. रजिस्टरात कारकुनाने शेरा मारलाय: ‘माप बदली मागतो. बदली मिळेपर्यंत उभे राहणे.’ वाचून मला हसू आलं होतं. बदलीचे अर्ज आणि ते दाबून ठेवणारे साहेब तेव्हापासूनच आहेत म्हणायचे.

मागच्या वर्षी वादळात मनोऱ्याचं टोक कोसळलं. नकाशे वाळवीने खाल्लेले, म्हणून इंजिनिअरांनी मूळ उंची माझ्याकडे मागितली. मी भिंग लावून मापाच्या माणसावरून हिशेब केला. सहासष्ट फूट. दोनदा केला, दोनदा तेवढाच आला. साहेब खूश झाले, आणि साहेब खूश झाले की त्यांना काहीतरी सुचतं. मनोरा दुरुस्त होण्याआधी त्याच जागेवरून, त्याच जुन्या कॅमेऱ्याने, काचेवरच फोटो काढायचा आणि जुना-नवा शेजारी शेजारी टांगायचा, असं ठरलं. कॅमेरा माळ्यावर सापडला. काच तयार करायला आमचे निवृत्त फोटोमास्तर आनंदाने आले. राहिला मापाचा माणूस.

माझा धाकटा भाऊ नोकरी सुटून आठ महिने घरी बसून होता. बसून म्हणायची आपली पद्धत. त्याला बसता येतच नसे. घरात सगळे त्याला भिंगरीच म्हणत. जेवताना पाय हलणार, बोलताना मान हलणार, आणि हलवायला काही उरलं नाही की उजव्या हाताची बोटं मांडीवर ताल धरणार. आई गेल्यापासून तो माझ्याकडेच राहायचा. मी दिवसातून दहा वेळा त्याच्यावर ओरडायचे, पण तो ताल ऐकू आला नाही की मला घर परकं वाटायचं.

“नुसतं उभं राहायचं काम?” तो म्हणाला. “ताई, तुला दुसरं कोणी मिळालं नाही?”

“चाळीस आकडे फक्त. तेवढं जमेल की.”

“आणि विसाला हललो तर?”

“तर पुसला जाशील.”

तो हसला. मीही हसले.

आमच्या कचेरीत तात्पुरत्या माणसाला बदली म्हणतात. बदली शिपाई, बदली ड्रायव्हर. साहेबांच्या हौसेखातर मी नोंद जुन्याच रजिस्टरात केली, एकतिसाव्या ओळीखाली, त्याच थाटात: ‘मापास माणूस एक, पाच फूट नऊ इंच, बदली.’ खाली सही केली. वरच्या ओळीत कोणी काय मागितलं होतं आणि खालच्या ओळीत मी काय देतेय, हे मला, शब्दांवर पोट भरणाऱ्या बाईला, तेव्हा दिसलं नाही.

फोटो भर दुपारी काढला. ऊन, हॉर्न, शाळा सुटलेली मुलं, सगळं नेहमीचं. भाऊ मनोऱ्याच्या पायाशी उभा राहिला, बोटं मांडीवर चालूच. मास्तरांनी झाकण काढलं आणि मोठ्याने मोजायला लागले. आकडा बारावर आला तेव्हा त्याची बोटं थांबली. मला बरं वाटलं. मग ओल्या चुन्याचा वास आला, नुकत्याच लावलेल्या चुन्याचा. त्या भिंतीला आमच्या हयातीत कोणी चुना लावलेला नाही.

चाळीस झाले. मास्तरांनी झाकण लावलं. भाऊ हलला नाही.

“झालं हो,” मास्तर ओरडले. “सुटलात तुम्ही.”

तेव्हा तो सावकाश पुढे आला, प्रत्येक पाऊल जमिनीला विचारून टाकल्यासारखा. घरी आल्यावर दारातच थांबला, खुर्चीकडे पाहत राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, “बसू का? तुमची हरकत नसेल तर…”

जन्मात त्याने मला अहो-जाहो केलं नव्हतं. मला वाटलं थट्टा करतोय. म्हटलं, “बसा की राजे.” तो बसला. संध्याकाळपर्यंत बसला, दुसऱ्या दिवशीही बसला. पाय स्थिर, मान स्थिर, हात मांडीवर पालथे. इतक्या समाधानाने बसलेला माणूस मी पाहिलेला नाही.

आठवड्याने इंजिनिअरांचा फोन आला. उंची पुन्हा तपासून द्या, म्हणाले. मी एकतिसावी काच काढली, भिंग लावलं. मनोरा त्रेसष्ट फूट भरला. काच तीच, पट्टी तीच. मग मी हिशेब उलटा केला. मनोरा सहासष्टच धरला तर पायाशी उभा असलेला माणूस पाच फूट नऊ इंच निघत होता.

त्याच्या तोंडावरचा डाग गेला होता. ओठ मिटलेले, स्वच्छ दिसत होते. पुसट होता तो उजवा हात. मांडीपाशी, बोटांच्या जागी, नुसता धूर. मी एकेक करून बाकीच्या काचा काढल्या. धक्का, गोदाम, टाकी, इस्पितळ. एकतीसच्या एकतीस काचांत तोच हात तसाच.

घरी जाऊन मी त्याला दाराच्या चौकटीला उभं केलं. तिथे भावाच्या उंचीची पेन्सिलीची खूण आहे, तो नोकरीला लागला त्या दिवशी आईने केलेली. हा न सांगता ताठ उभा राहिला. खूण त्याच्या डोक्याच्या तीन इंच वर राहिली.

“माझा भाऊ कुठे आहे?”

तो खाली पाहत राहिला. “मी नुसती बदली मागितली होती. कोणाची… ते सांगितलं नव्हतं.”

“त्याला कधी मिळेल?”

“मला तेवीस वर्षं काचेबाहेर उभं राहून झाली. नंतर आतली… ती मोजली नाहीत.” मग फार हळू म्हणाला, “आता बसू का?”

मी त्याला बस म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तो वाईट नाही. दमलेला आहे.

रजिस्टरातला शब्द मी खोडून पाहिला. काचेत काही फरक पडला नाही. त्याखालची ओळ मोकळी आहे. मी पाच फूट दोन इंच आहे. एवढंच लिहायचं, पुढे तो एक शब्द, खाली सही, आणि कॅमेऱ्यासमोर चाळीस आकडे. रोज पेन हातात घेते आणि रोज ठेवून देते. मला भावाची फार आठवण येते, आणि तरीही माझ्याच्याने ते होत नाही. हे तुम्हाला पहिल्यांदाच सांगतेय.

पण फार दिवस थांबता येणार नाही. तिथे उभं राहायची सवय होत असावी. परवा भिंग लावून पाहिलं, तर काचेतला तो धूर विरळ झाला होता. चार बोटं नीट मोजता आली.

अंगठा अजून हलतोय.