लाल बंपरवरची पिवळी रेघ

दसऱ्याला तीन दिवस झाले होते. सायली गव्हाणे सकाळीच चिंचवडला आम्रपाली वाघमारे यांच्या कचेरीत आली आणि बसण्याआधीच तिने मोबाइल टेबलावर ठेवला. माण गावच्या दादासाहेबांनी महागड्या गाड्यांच्या मालकांच्या गटावर टाकलेला संदेश पडद्यावर होता: ‘थेरगावच्या बाईने भोक न पाडता नंबर प्लेट बसवते म्हणून सांगितले आणि गुपचूप दोन भोके पाडली. सावध राहा.’ गटातल्या चारशे जणांपैकी ऐंशी जणांनी खाली अंगठे उमटवले होते. त्यांपैकी एकानेही बंपर पाहिलेला नव्हता. मत बनवण्याआधी वस्तू पाहावी, ही समजूत जुनाटच म्हणायची.

आम्रपाली खासगी तपासाचे काम करत. शेजारी वही उघडून बसलेले अर्जुनराव हे त्यांचे सहकारी, विमा कंपनीतून निवृत्त झालेले सर्वेक्षक. तीस वर्षे त्यांनी अपघातातल्या गाड्या तपासल्या होत्या आणि बहुतेक वेळा दोष चालकाचा ठरवला होता.

सायली मूळची लातूरकडची. नऊ वर्षे चाकणच्या एका कारखान्यात जुळणीच्या लाइनवर काढून तिने थेरगावात डांगे चौकाजवळ स्वतःचा गाळा घेतला होता. स्पोर्ट्स गाडीच्या पुढच्या बंपरमध्ये एका छोट्या झाकणाआड, गाडी ओढायचा हुक लावण्यासाठी आटे पाडलेले छिद्र कारखान्यातूनच येते. सायली त्यात लोखंडी दांडा आवळी, दांड्यावर पट्टी आणि पट्टीवर प्लेट बसवी. कायदाही पाळला जाई आणि बंपरला नखही लागत नसे. चाकणच्या एका शोरूमने आपल्या सगळ्या गाड्यांचे हे काम तिला द्यायचे ठरवले होते. संदेश वाचून त्यांनी ते उद्या संध्याकाळपर्यंत रोखून धरले होते.

“काम गेलं तर दुसरं मिळेल, मॅडम,” सायली म्हणाली. “पण माझ्या हाताखाली दोन पोरी आहेत, लाइनवरून कमी केलेल्या. त्यांना मी रोज सांगते, हात प्रामाणिक असला की नाव टिकतं. ते खोटं ठरायला नको.”

“काम पुरं झालं की काही खूण ठेवता?”

“पिवळी रेघ. लाइनवरची सवय. पूर्ण आवळलं की दांड्यावर आणि बाजूच्या धातूवर मिळून एक रेघ मारायची. दांडा हलला की रेघ तुटते. आणि आवळलं ज्यानं, रेघ त्यानंच मारायची. दुसऱ्यानं मारलेली चालत नाही.”

दादासाहेबांच्या घराण्याची भातखाचरे जिथे होती, तिथे आता काचेच्या इमारती उभ्या होत्या. त्या व्यवहारातून उरलेल्या अभिमानाला चार चाके आणि लाल रंग मिळाला होता. आम्रपाली आणि अर्जुनराव माणला पोचले तेव्हा घराच्या शेडमध्ये गाडी स्वच्छ धुऊन उभी होती. प्लेटच्या पट्टीच्या दोन्ही टोकांना एकेक नवा स्क्रू चमकत होता. स्क्रू चांगले लांब होते, कारण पट्टी बंपरपासून बोटभर पुढे आलेली होती. आम्रपालींनी ते अंतर दोनदा पाहिले.

“आदल्या दिवशी बाईनं गाडी आणून दिली, दसऱ्याला पूजा झाली, अन् काल धुताना आमच्या डायवर सोनबानं ह्ये स्क्रू दावलं,” दादासाहेब म्हणाले. “आमी बाईवर इश्वास ठेवला, ही आमची चूक.”

पूजेनंतर गाडी बाहेर गेली होती का, असे आम्रपालींनी विचारले. गाडी शेडबाहेर गेली नव्हती. शेडला कुलूप होते आणि किल्ली घरातच होती.

अर्जुनरावांचा संशय डांगे चौकातल्या गणराजवर होता. तो प्लेटा बसवणारा सायलीचा प्रतिस्पर्धी. भोक पाडल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नसे. पूजेच्या आदल्या संध्याकाळी तो माणला येऊन गाडी पाहून गेला होता. फोनवर त्याने काही लपवले नाही. “राव, त्या दांड्यावरची पाटी दिवाळीपर्यंत टिकली तर मिशी काढीन, असं मी तिथंच बोललो. हातसुद्धा लावला न्हाई. मिशी अजून हाय, बघायला या.” अर्जुनरावांनी त्याच्या नावाखाली दोन रेघा मारल्या.

दादासाहेबांच्या पत्नी शालनबाई यांनी पूजा केली होती. त्यांनी सगळे क्रमाने सांगितले. नारळ फोडला. बॉनेटवर स्वस्तिक काढले. पाटीला आणि तिच्या पट्टीला या टोकापासून त्या टोकापर्यंत हळदकुंकू लावले. मग पाटीच्या एका टोकाला झेंडूचा हार ओढून गच्च बांधला. “पाटी जराशी कलली, म्हून सांजच्याला हार सोडला. मी काय मोडलं न्हाई, बाई.”

मुलगा रणजीत सौम्य आणि सुशिक्षित होता. त्याची अभियांत्रिकीची पदवी दिवाणखान्यात सोनेरी चौकटीत टांगलेली होती. तिचा याहून अधिक उपयोग अद्याप झालेला नव्हता. तो म्हणाला, “दोष पद्धतीतच आहे, मॅडम. सगळा भार एका दांड्यावर. त्याचे आटे गेलेले. जेमतेम दोन आट्यांवर प्लेट किती दिवस टिकणार? तिला ते कळलं असणार, म्हणून तिने स्क्रू मारले.”

आम्रपालींनी मान डोलावली आणि आभार मानले.

चालक सोनबा शेडच्या कोपऱ्यात ग्राइंडरच्या डाव्या बाजूचा दगड बदलत होता. बारा वर्षे पिंपरीच्या एका टूलरूममध्ये फिटर म्हणून काढून तो वीस वर्षांपूर्वी इथे आला होता. रणजीतला सायकल त्यानेच शिकवली होती. बोलता बोलता त्याने पाना लावून नट उजवीकडे फिरवला आणि झिजलेला दगड उतरवला. त्याला काही ठाऊक नव्हते, निदान तो तसे म्हणाला. अर्जुनरावांनी वहीत टिपले: ‘सोनबा नट आवळत होता. अस्वस्थ.’

मग आम्रपालींनी गाडीसमोर बसून एक स्क्रू काढला. त्याच्या वायसरखाली, पट्टीवर, कोरड्या कुंकवाचे लालभडक वर्तुळ होते. दांड्यावरची पिवळी रेघ तुटली होती. तिचा एक तुकडा दांड्यावर होता, दुसरा छिद्राच्या कडेवर, आणि दोन्ही एकमेकांसमोर येत नव्हते. त्यांनी दुसरा स्क्रूही काढला, पट्टी अर्जुनरावांना धरायला दिली आणि दांडा उजवीकडे फिरवला. दोन फेऱ्यांत तो हातात आला. आटे नव्यासारखे धारदार होते.

“सायलीताईंना बोलवा,” त्या म्हणाल्या. “त्यांच्या मागे बोलून झालं, आता समोर बोलू.”

दुपारी सगळे शेडमध्ये जमले. आम्रपालींनी सुरुवात करण्याआधीच सोनबा पुढे झाला.

“भोकं म्या पाडली. पाटी ढिली झालती. मला हाकला, पण बाईला बोल लावू नगा.”

अर्जुनरावांनी समाधानाने वही उघडली. आम्रपालींनी ती मिटवली.

“खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाने खोटं बोलू नये, सोनबा. ते शोभत नाही आणि जमतही नाही.” त्या दादासाहेबांकडे वळल्या. “गाडी धुतल्यावर सगळं कुंकू गेलं. पाणी पोचलं नाही तिथलंच राहिलं, स्क्रूच्या वायसरखाली. म्हणजे आधी कुंकू लागलं, मग स्क्रू बसला. स्क्रू पूजेनंतरचे आहेत. सायलीताईंनी आदल्या दिवशीच गाडी दिली होती आणि गणराजही त्याच संध्याकाळी येऊन गेला. पूजेनंतर गाडी तुमच्या कुलपात होती. तुम्ही चारशे माणसांना सावध केलंत, दादासाहेब, फक्त घर सोडून.”

आम्रपालींनी काढलेला दांडा वर धरला.

“आता हेतू. बदनामी करायला आलेला माणूस भोकं पाडून निघून जातो. त्याला दांड्याशी कर्तव्य नसतं. इथे दांडा फिरवलेला आहे. पूर्ण आवळला होता हे पिवळी रेघ सांगते. मला तो दोन आट्यांवर मिळाला. बाहेर आलेल्या दांड्याने पट्टी पुढे ढकलली, म्हणून इतके लांब स्क्रू लागले. आणि हा दांडा सैल होतो उजवीकडे फिरवल्यावर. याचे आटे डावे आहेत. हाराने प्लेट कलली. कुणीतरी ती चांगल्या मनाने घट्ट करायला गेलं. जितकं आवळलं तितका दांडा बाहेर आला. त्या माणसाने निष्कर्ष काढला की आटे गेले, आणि घाबरून ड्रिल आणलं.”

“सोनबाच की मग,” अर्जुनराव पुटपुटले.

“तुम्ही लिहिलंत की सोनबा नट आवळत होता. दगड तर उतरत होता, अर्जुनराव. ग्राइंडरच्या डाव्या बाजूला डावेच आटे असतात. सोनबाने तो नट न पाहता उजवीकडे फिरवून काढला. ही चूक त्याच्या हातून झोपेतही होणार नाही. ती करायला पुस्तकी ज्ञान लागतं.” त्यांचा आवाज तितकाच शांत राहिला. “दांडा दोन आट्यांवर आहे हे मला तो काढल्यावर कळलं. एका माणसाने मात्र त्याच्या तासभर आधीच मला तो आकडा सांगितला होता.”

रणजीतने खाली पाहिले.

“आईनं हार सोडला, तेव्हा मी सरळ करायला गेलो,” तो म्हणाला. “बाबांना सांगणार होतो. पण त्यांनी आधीच लिहून टाकलं होतं. मग सांगायचं धाडस झालं नाही.”

“दोन भोकांची भीती,” आम्रपाली म्हणाल्या, “आणि तिची किंमत दुसऱ्याच्या नावाने चुकती केली. ही पद्धत या पट्ट्यात नवी नाही. काम करणारा हात हाताशी असतो, म्हणून दोषही तिथेच ठेवला जातो. तुमच्यासाठी वीस वर्षांचं प्रेम खोटं बोलायला उभं राहिलं, रणजीत. त्याची लाज भोकापेक्षा मोठी आहे.”

दादासाहेबांनी खिशातून मोबाइल काढला. रणजीत लिहायला पुढे झाला, पण त्यांनी हात आडवा केला. एका बोटाने, चष्मा वर-खाली करत, त्यांनी स्वतः लिहिले: ‘भोके माझ्या घरातच पडली. बाईचे काम चोख होते. चूक माझी.’ त्याच गटावर ते टाकले आणि मग चाकणच्या शोरूमला फोन लावून तेच मोठ्याने म्हटले. तिकडून उत्तर आले की उद्या संध्याकाळची वाट पाहायची गरज नाही, सायलीताईंनी सकाळीच येऊन सही करावी.

सायलीने दांडा उचलला आणि पुसला. मग तो रणजीतच्या हातात दिला.

“मी?”

“हां. लावा. डावीकडं.”

सोनबा त्याच्या खांद्यामागे येऊन उभा राहिला, सायकलच्या मागे धावताना राहत असे तसाच. रणजीतने पाना लावला आणि सवयीने उजवीकडे नेऊ लागला. सोनबा नुसता खाकरला. पाना डावीकडे वळला. दांडा एकेक आटा आत जात राहिला आणि शेवटी जागीच थांबला. बाजूची दोन भोके तशीच दिसत होती. “ऱ्हाऊ द्या, ध्यानात ऱ्हाईल,” म्हणत शालनबाईंनी ती बुजवायला नको म्हटले.

सायलीने ओढून पाहिले. मग खिशातले पिवळे पेन काढून टोपण उघडले आणि ते रणजीतपुढे धरले.

“तुम्ही आवळलंत,” ती म्हणाली. “रेघ तुम्हीच मारायची.”