डोंगरावरच्या वहीतलं दुसरं नाव

मारित, तो डबा खाली ठेव. रंग छान दिलायस, सगळं खरं. पण आपल्या डोंगरावर तो बसणार नाही, आणि त्यात चढणाऱ्यांच्या नावांची वही तर मुळीच नाही. दिवसभर वाट दुरुस्त केलीत, दगड वाहिलेत, आता शेगडीपाशी बसा आणि ऐका. तू हसू नकोस. तीस वर्षं फेरीबोटीवर दोर सांभाळलाय मी, उगाच घाबरणाऱ्यातला नाही.

आस्मुंड माझ्या ओळखीचा. तुम्ही त्याला पाहिलं नसेल, तो आता उत्तरेला लेकाकडं असतो. अकरा जून, मंगळवार. रात्री नऊला तो घरातून निघाला. काम साधं. डोंगरमाथ्यावरच्या डब्यातली भरलेली वही खाली आणायची आणि कोरी ठेवायची. धक्क्यापासून तासाभराची चढण, शेंबडी पोरंसुद्धा चढतात. वर पोचलं की सगळी खाडी पायाशी, आणि हवा स्वच्छ असली तर पार बाहेरच्या समुद्रातलं दीपगृह. आपल्याकडं इतक्या उत्तरेला जूनमध्ये रात्री नऊला ऊनच असतं. भिण्यासारखं त्यात काय होतं? पण आस्मुंड आदल्या सप्टेंबरपासून त्या वाटेला फिरकला नव्हता.

त्याचं असं झालं. गावातल्या मंडळानं टूम काढली होती. माथ्यावर जायचं, वहीत नाव आणि वेळ लिहायची. हंगामात पन्नास नोंदी झाल्या की मंडळाचा कप मिळायचा. आस्मुंडचा शेजारी हाल्वर, चौऱ्याहत्तर वर्षांचा, एकटा राहणारा. त्याच्या एकोणपन्नास झाल्या होत्या. तीस सप्टेंबर, शेवटचा दिवस. दोघं चारला जेवून निघाले. अर्ध्या वाटेत, त्या सपाट खडकापाशी, हाल्वरच्या गुडघ्यानं दगा दिला.

"तू हो पुढं," तो म्हणाला. "मी इथं बसून कॉफी पितो."

"आणि कप सोडतोस? तुझं नाव मी टाकतो."

"नको रे. न चढताच कसलं नाव?"

"मोठा संत लागून गेलास. बस गप्प."

आस्मुंडनं वर जाऊन दोन नावं लिहिली. पाच चाळीस. हाल्वरची तिरकी सहीसुद्धा काढली. त्या संध्याकाळी वरून असं काही दिसत होतं की तो तासभर तिथंच बसला. उतरला तेव्हा खडक रिकामा होता. कंटाळून गेला असेल म्हातारा, असं त्याला वाटलं. हाल्वरच्या खिडकीत दिवा नव्हता, तरी यानं दार वाजवलं नाही. आपल्याकडं वाजवतं कोण? झोपलेल्या माणसाला त्रास नको, म्हणून हा सरळ घरी गेला.

दुसऱ्या दिवशी हाल्वरच्या मुलीनं, हेगेनं, बापाला फोन करकरून शेवटी आम्हांला उठवलं. चाळीस माणसं माथ्यावर गेलो. वही मीच उघडली. मोठ्यानं वाचली. आस्मुंड, हाल्वर, पाच चाळीस. हाल्वरची सही मला शाळेपासून ठाऊक, पण मी नीट बघितलीच नाही. ते माझ्या मनातून अजून जात नाही.

मी आस्मुंडला विचारलं, "तुझ्याबरोबर वर होता ना?"

सगळं गाव त्याच्याकडं बघत होतं. एका कपासाठी खोटी सही केली, हे कोणत्या तोंडानं सांगणार? तो म्हणाला, "होता. माझ्या आधी निघाला."

अलीकडच्या वाटेनं तर आस्मुंड स्वतः उतरला होता आणि त्याला कोणी दिसलं नव्हतं. म्हणजे हाल्वर पलीकडं उतरला, असं आम्ही धरलं. दोन दिवस पलीकडची बाजू पिंजून काढली. तिसऱ्या दिवशी कुत्र्यानं त्याला हुडकलं. अलीकडंच. खडकाखालच्या घळीत, वीस पावलांवर. पाय मोडलेला. घळीत ओढ्याचा एवढा आवाज, त्याची हाक कोणाला ऐकू जाणार? आम्ही चाळीस जण त्याच्या डोक्यावरूनच वर गेलो होतो. डॉक्टर म्हणाला, पहिली रात्र त्यानं काढली. बहुतेक दुसरीसुद्धा.

तर, अकरा जून. आस्मुंडनं वर वही बदलली. जुनी उघडून बघितली नाही. सव्वादहाला उतरायला लागला. उजेड होता. खडकावर पाठमोरं कोणीतरी बसलं होतं. डोंगरावर दिसेल त्याला आपण हाक देतो. यानंही सवयीनं दिली.

तो खडकाजवळ आला...

ओढ्याचा आवाज बंद झाला होता.

"दीपगृह दिसलं का रे वरून?"

आवाज ओळखीचा.

"दिसलं..."

मग...

"आणि मी? मी होतो का वर?"

खरं बोलायची हीच वेळ होती. आस्मुंडलाही ते कळत होतं. पण...

"होतास," तो म्हणाला. दुसऱ्यांदा.

"...मग मी इथं खाली कसा?"

पाठमोरा माणूस वळू लागला. सावकाश... आस्मुंडच्या हातातली वही पडली. तो पळाला.

पावणेबाराला माझं दार वाजलं. आस्मुंड उंबऱ्यावरच बसला आणि सगळं बोलला. लहान पोरासारखा रडत होता. मी त्याला शिव्या घातल्या, नंतर त्याच्या शेजारी बसलो. सकाळी दोघं हेगेकडं गेलो. तिनं सगळं ऐकून घेतलं. बसा म्हणाली नाही. "दोन रात्री," एवढंच बोलली आणि आत गेली. आस्मुंडनं त्याच आठवड्यात गाव सोडलं.

वही आणायला मी एकटा गेलो. खडकाजवळच पडली होती, दवानं ओली. तीस सप्टेंबरचं पान काढलं. आस्मुंड, पाच चाळीस. अगदी खाली, शोधाच्या दिवशी मीच लिहिलेली आमची नावं. मधली एक ओळ कोरी. खोडलेली नाही. पुसलेली नाही. ओल्या पानाची शाई सगळीकडं पसरली होती, तेवढी ओळ मात्र पांढरी स्वच्छ.

त्याच ओळीवर बोट ठेवून मी हाल्वरचं नाव मोठ्यानं वाचलं होतं. चाळीस माणसांसमोर.