आठ जणांच्या तुकडीतला नववा

काम अगदी साधं होतं. डोंगरमाथ्यावरच्या दगडी खोपटातून आठ पोरापोरींची एक तुकडी खाली तळाच्या फाटकापर्यंत आणायची. अंतर तीन किलोमीटर, वाट एकच आणि तीही उताराची. आणणारी मी नव्हते. मी नुसतं मागून चालायचं आणि बघायचं, कारण मी परीक्षक.

आमची संघटना पोरांना घराबाहेर काढते. तंबू, होकायंत्र, दोरांच्या गाठी, डोंगर. पंधरा-सोळा वर्षांची झाली की त्यातल्या निवडक पोरांना नायक व्हायचं शिक्षण देतात आणि शेवटच्या दिवशी परीक्षा होते. पास झाला की खांद्यावर निळी पट्टी. मी इथे आले ती स्वयंपाकाच्या तंबूत भांडी घासायला. नकाशा वाचायला मला कुणी शिकवलं नाही. पावसात भिजून फेकून दिलेले नकाशे मी चुलीपाशी वाळवले आणि भाताचं पाणी उकळेपर्यंत वाचत बसले. आता पट्टी कुणाला द्यायची ते मी ठरवते. सत्तरी उलटली तरी इथे मला ताईच म्हणतात, कारण आजी नावाचं पद संघटनेत नाही.

शिबिराचे प्रमुख म्हणजे मोठे सर. नेतृत्वाची सात प्रमाणपत्रं त्यांच्या भिंतीवर आहेत, आणि एकदा ते तंबूतून शौचालयाकडे जाताना हरवले होते. असो.

त्या दिवशी परीक्षा होती कुजबुजची. पोरीला हे नाव पडलं कारण तिचा आवाज घशातून बाहेर यायलाच तयार नसायचा. नकाशात पक्की, गाठीत पक्की, पण 'थांबा' म्हणाली तर पहिला थांबायचा आणि बाकीचे त्याच्यावर आपटायचे. दोनदा नापास झाली होती. तिसरी खेप शेवटची, कारण पुढच्या महिन्यात तिला सतरावं लागणार आणि त्यानंतर परीक्षा देता येत नाही. तिच्या गल्लीत अकरा बारक्या पोरांची तुकडी होती. त्यांचा नायक गाव सोडून गेला होता. कुजबुजला पट्टी मिळाली नाही तर ती तुकडी बंद करायची, असं मोठ्या सरांनी लेखी कळवलं होतं. ती बारकी पोरं सकाळी तिला सोडायला आली होती. एकाने तिला स्वतःची शिट्टी दिली, म्हणे आवाज नाही ना तुला, ही घे. ती तिने खिशात ठेवली आणि शेवटपर्यंत वाजवली नाही. मानी आहे पोर. मला मानी माणसं आवडतात, पण म्हणून मी कुणाला फुकट पट्टी देत नाही.

आता मोजणीचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. निघताना तुकडी रांगेत उभी राहते. सगळ्यात पुढे नायक, तो म्हणतो एक. त्याच्या मागचा दोन. असं करत शेवटचा आपला आकडा सांगतो आणि पुढे म्हणतो, "संपलं." नायक तो आकडा चिठ्ठीवर लिहितो, घडी घालून परीक्षकाकडे देतो. खाली फाटकाशी पुन्हा मोजणी, आणि मग चिठ्ठी उघडायची. आकडा जुळला नाही तर नापास. बाकी काही बघायचं नाही, कारण जेवढे निघाले तेवढे पोचले पाहिजेत, नायकाचं एवढंच काम. आणि परीक्षकाला मोजायचं नाही. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही. तो नाहीच असं धरून चालायचं. हा नियम माझ्याही आधीचा आहे. का केला ते कुणी सांगत नव्हतं.

दुपारी तीन वाजता आम्ही खोपटातून निघालो. मी मागच्या दाराला कुलूप घालत होते तेव्हा पुढून आकडे ऐकू आले, पण कुलूप गंजलेलं, माझं निम्मं लक्ष किल्लीत. पुढे आले तर पोरीने चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. माझ्या आरपार बघत, नियमाप्रमाणे. तिचा चेहरा थोडा गोंधळलेला वाटला. परीक्षेला सगळेच गोंधळलेले दिसतात. मी चिठ्ठी खिशात टाकली.

दहा मिनिटांत धुकं आलं.

धुकं म्हणजे कसं, तर कुणी ओलं घोंगडं तोंडावर टाकावं तसं. भरदुपारी उजेड होता, पण त्या उजेडात काही दिसत नव्हतं. पाखरं गप्प झाली. झाडांवरून पाणी ठिबकत होतं आणि पोरांचे बूट चिखलात पचक पचक वाजत होते. कुजबुजने रांग थांबवली, लांब दोर काढला, सगळ्यांना धरायला लावला आणि मोजणी घेतली. योग्य केलं. मी मनात एक गुण दिला.

आकडे धुक्यातून माझ्याकडे येत गेले. एक, दोन, तीन. शेवटी भोंगा. भोंगा म्हणजे रांगेतलं आठवं कार्टं, कुजबुजच्या वाट्याचा आवाजही यालाच दिलेला. तो "आठ" म्हणाला, आणि 'संपलं' म्हणायच्या आत बारीक आवाजात कुणीतरी म्हणालं,

"नऊ... संपलं."

पुढून हसू फुटलं. सगळ्यांना वाटलं भोंग्याचा चावटपणा. मलाही तेच वाटलं आणि त्याचे गुण मी तिथल्या तिथे कापले. पुढे चालू लागलो. पण मी मुकाट्याने त्याच्या अगदी पाठीशी गेले. वीस पावलांचं अंतर ठेवायचा नियम आहे, तो मी मोडला. माझ्या मोजणीत कुणी चावटपणा करायचा नाही.

पुढच्या वळणावर पुन्हा मोजणी झाली. मी भोंग्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो बिचारा "आठ" म्हणाला. त्याचं तोंड मिटलेलं मला कडेने दिसत होतं.

"नऊ... संपलं."

आवाज माझ्या मागून आला.

माझ्या मागे कुणी नव्हतं. कुलूप मी घातलं होतं, किल्ली माझ्या कमरेला होती. पण वास येत होता, ओल्या लोकरीचा आणि विझलेल्या शेकोटीचा. आणि एका बुटाचा आवाज येत होता. तळवा सुटलेला असावा, कारण प्रत्येक दुसऱ्या पावलाला तो जमिनीवर फट्कन आपटायचा. आम्ही थांबलो की एक पाऊल जास्त पडायचं आणि मग थांबायचं.

तुम्हाला खरं सांगते, मी वळून बघितलं नाही. या वयात मान तशीही वळत नाही.

भोंगा आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलला. "ताई... ते तुम्ही म्हणालात ना?" परीक्षकाशी बोलायचं नाही हा नियम तो विसरला आणि उत्तर द्यायचं नाही हा मी पाळला, त्यामुळे त्याची पार वाट लागली. त्याचे दात वाजू लागले, ते पुढच्याला ऐकू गेलं, त्याने त्याच्या पुढच्याला विचारलं, आणि क्षणात सातही जण रडकुंडीला आले. एकजण पळायच्या बेतात होता. त्या उतारावर, त्या धुक्यात कुणी पळालं असतं तर खालच्या कड्यावरून थेट तळ्यात. एकाने पळायचा अवकाश, सगळे पळाले असते. तोंड उघडून ओरडावं असं मला फार वाटलं. पण मी ओरडले की परीक्षा रद्द, आणि पोरीची ती शेवटची खेप.

एवढ्यात पोरांच्या हातातला दोर हलला. कुजबुज तो धरून रांगेच्या मागे येत होती. प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हणत होती. धुक्याने आणि भीतीने सगळे इतके चिडीचूप होते की तिचा तो एवढासा आवाज शेवटपर्यंत स्वच्छ ऐकू आला. प्रत्येकाला ती काम देत होती. तू डावीकडचे दगड मोज. तू दर शंभर पावलांना मला सांग. भोंग्याला म्हणाली, तू मनात गाणं म्हण, मनातच. मग ती मला ओलांडून गेली, जणू मी एखादं झुडूप आहे. बघा, तेव्हाही नियम मोडला नाही. मला ओलांडून, दोराचं मोकळं टोक धुक्यात पुढे करून म्हणाली,

"हे धर. सगळ्यात मागचं काम तुझं. कुणी मागे राहिलं तर मला सांगायचं."

दोर ताठ झाला.

आम्ही चाललो. पुढचा दीड किलोमीटर एकही पोरगं घसरलं नाही, एकाने हूं की चूं केलं नाही. इतकी शिस्तीची तुकडी मी जन्मात पाहिली नाही. माझ्या मागे फट्, फट् चालूच होतं, पण आता पावलं आमच्या पावलांशी जुळलेली होती.

फाटकाशी मोठे सर कागद घेऊन उभे होते. त्यांच्या मागे सुपाचं पातेलं वाफाळत होतं. मोजणी झाली. भोंगा "आठ" म्हणाला आणि सगळे कान देऊन थांबले. मागे काहीच आवाज नाही. मी चिठ्ठी काढून उघडली.

चिठ्ठीवर नऊ होतं. म्हणजे वर, खोपटाशीच, मोजणी नऊ आली होती.

सर खुशीत आले. त्यांना आकडा चुकलेला फार आवडतो. यादीत आठ, समोर आठ आणि बाईसाहेब लिहितात नऊ, म्हणजे परीक्षकाला मोजलं, म्हणजे सरळ नापास, असं त्यांनी ऐकवलं. त्या गल्लीतल्या तुकडीचं पत्र आजच काढतो, हेही. मी म्हटलं, नियम यादीचा नाही, चिठ्ठीचा आहे. ते म्हणाले, ताई, तुम्ही स्वयंपाकघरातून आलात, नियम मला सांगू नका. यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

कुजबुज मध्येच म्हणाली, "सर, नऊ निघालो होतो. एक यायचाय."

तिच्या हातात दोर होता. तो सगळ्या पोरांच्या हातांतून, माझ्या शेजारून मागे जाऊन धुक्यात शिरला होता आणि अजून ताठ होता. सरांनी तो बघितला. त्यांच्या तोंडावरचा रंग हळूहळू उतरत गेला. दोर धरून पोर परत धुक्यात गेली. पाच पावलं, सहा. दिसेनाशी झाली. तिची ती कुजबुज तेवढी कानावर आली, शब्द कळले नाहीत.

मग फट्... फट्... फाटकाच्या अगदी आत, सरांपासून दोन हातांवर येऊन थांबलं. ओल्या लोकरीच्या वासापुढे सुपाचा वास मेला.

"नऊ... संपलं."

सरांनी पट्टीच्या कागदावर सही केली. एक लागते, त्यांनी तीन ठिकाणी केली. मग पातेल्याशेजारी मटकन बसले आणि विचारायच्या आधीच सांगून मोकळे झाले. फार वर्षांपूर्वी, त्यांच्याही आधीच्या प्रमुखांच्या काळात, एक तुकडी अशीच धुक्यातून खाली आली. निघाले नऊ, पोचले नऊ. नायकाने शाबासकी घेतली, सगळे जेवायला बसले. त्या नायकाने खालच्या मोजणीत परीक्षकालाही धरलं होतं. सगळ्यात शेवटचं पोरगं वरच राहिलं. तेव्हापासून परीक्षकाला मोजत नाहीत.

भोंगा रडत होता, आणि या वेळी त्याला कुणी चिडवलं नाही.

पट्टी मीच शिवली तिच्या खांद्यावर. शिवताना विचारलं, धुक्यात जाऊन काय म्हणालीस गं? ती म्हणाली, "काही नाही ताई. म्हटलं, पोचलो आपण. आता तुला कुणी विसरणार नाही."

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहायला घेतली नसती.

कुजबुज आता तिच्या गल्लीतल्या अकरा बारक्यांची नायक आहे. दर महिन्याला त्यांना घेऊन डोंगर चढते. ती धरून बारा जण जातात आणि मोजणी तेरा येते. बारक्यांना त्याचं काही वाटत नाही. त्यातली एक चिमुरडी मला म्हणाली, तो छान आहे, फक्त त्याचा बूट शिवायला हवा. मध्ये एकदा मोजणी चौदा आली. चौदावा आवाज मोठ्या माणसाचा होता, घोगरा, आणि तो कुणाचा हे आम्हाला कुणालाच ठाऊक नाही. मी विचारलं तर पोर म्हणाली, वाटेत उभा होता ताई, एकटा, आणलं मग. त्यांना तिचा आवाज ऐकू जातो हो. आमच्यासारख्यांच्या ओरडण्याने ते येत नसावेत.

गेल्या रविवारी धुकं होतं. मी फाटकाशी उभी होते, हातात काठी, तोंड मिटलेलं. तुकडी आली. बारक्यांचे आकडे झाले, बारा. मग तेरा, ओळखीचा. मग चौदा, घोगरा. कुणी 'संपलं' म्हणालं नाही. जरा वेळ गेला. मग धुक्यातून, सगळ्यात मागून, ठसक्यात आलं,

"पंधरा. संपलं."

आवाज माझा होता.

चांगला खणखणीत होता, हे सांगितलं पाहिजे. बारकी पोरं माझ्याकडे बघायला लागली. कुजबुजने फक्त निघताना लिहिलेली चिठ्ठी पुढे केली. मी उघडली. पंधरा. सही केली. काय करणार, आकडा बरोबर होता.