तुम्हीही एक घ्या

हे मी कुठे वाचलेलं नाही, आणि रचलेलंही नाही. ज्या बाईवर हे गुदरलं ती माझी शेजारीण आहे. रोझलिंड. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेली, भुताखेतांचं नाव काढलं की नाक मुरडणारी. तिने सांगितलं म्हणून मी विश्वास ठेवला, आणि आता पस्तावते आहे.

गेल्या नोव्हेंबरमधला एक शनिवार.

वेल्सच्या हद्दीला लागून, इंग्लंडमधल्या श्रॉपशरच्या डोंगरात एक आडगाव आहे. तिथला पब. नाव सांगत नाही. मालकीणबाई भली आहे, उगाच तिच्या पोटावर पाय नको.

रोझलिंडच्या नवऱ्याचं, डेसमंडचं, उन्हाळ्यात हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. जखम भरली, पण माणूस आतून विझला. दिवसभर खिडकीत बसायचा. बोललाच तर हवेबद्दल. रोझ रात्र रात्र जागून त्याचा श्वास ऐकत पडायची. नवरा वाचला खरा, पण अजून घरी आलेला नाही, असं ती एकदा मला म्हणाली होती.

म्हणून लग्नाच्या वाढदिवसाला तिने त्या पबमध्ये रात्रीचं जेवण आणि वरची खोली ठरवली. लग्नाआधी दोघं तिथे जायची. तेव्हा तिथे चिखलाच्या बुटांनी मेंढपाळ यायचे, आणि खायला फार तर व्हिनेगरात मुरवलेलं अंडं मिळायचं. आता लंडनहून आलेल्या एका जोडप्याने जागेचं रूपच पालटलं होतं. मेणबत्त्या काय, कडक इस्त्रीचे नॅपकिन काय, आणि भल्यामोठ्या ताटलीत मधोमध घासभर खाणं.

ते पोचले तेव्हा अंधार पडला होता. दरीत धुकं साचलं होतं.

डेसमंड आधी खाली उतरला. रोझ कपडे बदलून मागून आली, तर तो शेकोटीजवळच्या टेबलावर बसला होता. हातात गडद बिअरचा ग्लास...

आणि चक्क हसत होता.

मागच्या खोलीतला जुना बार यांनी तसाच ठेवलाय, तो सांगू लागला. आणि तिथला म्हातारा अगदी जुन्या वळणाचा. बाह्या दुमडलेल्या, दांडा ओढून बिअर भरणारा. डॉक्टरांनी अर्ध्याच ग्लासाची मुभा दिलीय म्हटल्यावर म्हातारा म्हणाला, डॉक्टर तरी कुठे राहतात कायमचे.

इथल्या पबात बारवर बक्षिशी ठेवत नाहीत. ग्लास हातात आला की देणाऱ्याला म्हणायचं, तुम्हीही एक घ्या, आणि त्याच्या ग्लासाचेही पैसे आपण द्यायचे. डेसमंडला मिसरूड फुटायच्या आत बापाने हे शिकवलं होतं. न म्हणणाऱ्याला हलका माणूस समजतात.

"मग मीही म्हणालो, तुम्हीही एक घ्या."

"मग?"

"म्हणाला, घेईन की. आधी तुमचं होऊ दे. मग माझं होईल, मग सोबतच निघू." डेसमंड खुशीत होता. "बार बंद करून घरी जायची घाई झाली असेल बिचाऱ्याला."

रोझलाही हसू आलं. कितीतरी महिन्यांनी तो कुणाशी तरी गप्पा मारून आला होता. तिला त्या म्हाताऱ्याचे उपकारच वाटले.

मालकीण इमोजेन काय पिणार विचारायला आली. डेसमंडचा ग्लास पाहून थबकली.

"हे तुम्हाला कुणी दिलं?"

"मागच्या बारवरच्या काकांनी."

इमोजेनचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मागचा बार नुसता शोभेचा आहे, ती म्हणाली. दांड्यांना खाली पिंप जोडलेलंच नाही. आणि म्हातारं असं इथे कुणी कामाला नाही. मग लगेच तिने हसून सावरून घेतलं, भटारखान्यातलं कुणीतरी असेल, आणि सूपबद्दल बोलू लागली. पाहुण्यांसमोर अवघड गोष्ट ताणायची नाही, ही इथल्या लोकांची सवय. रोझनेही ताणलं नाही.

सूप आलं. मग फेझंट आला, रानातला पक्षी, भाजलेला. डेसमंड चवीने खात होता, मध्येच एकेक घोट घेत होता.

आणि रोझच्या लक्षात आलं...

शेकोटीचा आवाज येत नव्हता.

लाकडं धडधडून जळत होती. ठिणग्या उडत होत्या. पण तडतड नाही, काही नाही. हाताला ऊबही लागत नव्हती.

तोंडावर पाणी मारावं म्हणून ती उठली. बोळात तिच्या मागोमाग कुणीतरी आलं. शेजारच्या टेबलावर भाचीबरोबर जेवत असलेली गावातली म्हातारी होती ती, मिसेस बेडोज.

"तुमचं बोलणं कानावर पडलं, पोरी. तुझ्या नवऱ्याने त्याला एक घ्या म्हटलं का गं?"

"अहो, रीतच आहे ती."

"माझा भाऊही रीतीनेच म्हणाला होता."

म्हातारीने भिंतीवरच्या जुन्या फोटोकडे बोट केलं. बारमागे उभा एक माणूस. बाह्या दुमडलेल्या. हा एमॉस, ती म्हणाली, पूर्वीचा मालक. बारमागेच मेला. अजूनही कुणाकुणाला दिसतो. नुसती बिअर भरून देतो, त्याचं काही नाही. पण त्याला देऊ केलं की तो घेतो. आधी आपला ग्लास संपतो, मग त्याचा. त्याचा संपला की...

"भाऊ पोटभर जेवला, वर जाऊन झोपला," म्हातारी म्हणाली. "सकाळी चहा घेऊन गेले, तर बर्फ झाला होता."

"आधी सांगायचं नाही का कुणी?"

"कोण सांगणार? वेडी म्हणतात, वर नव्या मालकांचा धंदा बुडवते म्हणतात."

रोझ धावत टेबलाशी आली.

डेसमंड शेवटचा घोट घेत होता.

त्याने ग्लास खाली ठेवला. ओठ पुसले. मग छातीवर हात ठेवला, अगदी सहज. "जरा थकल्यासारखं वाटतंय. वर जाऊन पडतो मी."

"गोड येईपर्यंत जागचा हललास तर याद राख," रोझ म्हणाली. शाळेतला आवाज काढला तिने. आणि मागच्या खोलीकडे वळली.

आत दिवा मंद होता. तंबाखूचा वास येत होता. बारमागे कुणीही नव्हतं.

काउंटरवर एक ग्लास होता. काठोकाठ भरलेला. फेस अजून विरत होता.

ती बघत असतानाच...

बिअर एक बोट खाली गेली.

मग आणखी एक बोट.

घोट घेतल्याचा आवाज आला नाही. श्वासाचाही नाही. नुसती बिअर उतरत होती, सावकाश. घाई नसलेला माणूस पितो तशी.

रोझने ग्लासवर झडप घातली. तो हलेना. पलीकडून कुणीतरी धरला होता. तिने दोन्ही हातांनी हिसडा मारला, तोंडाला लावला, आणि उरलेली सगळी बिअर घटाघटा पिऊन टाकली. कोमट होती, आणि मातीसारखी लागली.

मागे शेकोटी तडतडू लागली. डेसमंडचा आवाज आला. गोड पदार्थ फारच छोटा आहे, अशी कुरकुर करत होता.

त्या रात्री रोझ त्याच्या छातीवर हात ठेवून बसून राहिली. तो गाढ घोरला. सकाळी तीन अंडी आणि सॉसेज खाऊन वर टोस्ट मागितला.

तेव्हापासून डेसमंड ठणठणीत आहे. बागेत खणतो, शिट्टी वाजवतो, मला टोमणे मारतो. त्याला यातलं काही माहीत नाही. रोझने स्वतःचीही तपासणी करून घेतली, डॉक्टरांना काहीच सापडलं नाही. फक्त कुणी तिला पेय देऊ केलं की ती घाईने नको म्हणते.

परवा रविवारी दुपारी आम्ही तिघं आमच्याच गावातल्या पबमध्ये जेवायला गेलो. लख्ख ऊन होतं, गर्दी होती. बारवरच्या नेलने एक ग्लास पुढे सरकवला. गडद बिअर.

"हा रोझसाठी. कुणीतरी सांगून गेलं."

"कोण?" रोझने विचारलं.

"गर्दीत नीट पाहिलं नाही. म्हातारा आवाज होता. म्हणाला, या खेपेला माझ्याकडून."

मी रोझचा हात धरला.

"फुकटची कुणी सोडतं का?" डेसमंड म्हणाला. "तुला नको असेल तर मी घेतो." त्याने हात पुढे केला.

रोझने त्याच्या आधी ग्लास उचलला. उभ्यानेच प्यायली, तळापर्यंत. डेसमंडने टाळ्या वाजवल्या.

घरी परतताना ती मला हळूच म्हणाली, "याला साधं अंडंही उकडता येत नाही गं. शिकवायला हवं."

आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांत एकच भिंत आहे. रोज सकाळी पलीकडून तिचा आवाज येतो. पाणी किती घालायचं, गॅस कधी बंद करायचा. डेसमंड हसतो, चुकतो, ती पुन्हा सांगते.

तो आवाज आल्याशिवाय मी हल्ली चहासुद्धा टाकत नाही.